शेवटच्या पानावरच्या टाळ्या

“...आणि संपादकसाहेब हात धुवायला न्हाणीघरात गेले,” शाल्वा म्हणाला आणि मुद्दामच थांबला. वाइनचा पेला त्याच्या हातात अधांतरी. टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. “पडदा सारतात तर काय, टबात ही एवढी टर्की! जिवंत! पायाला सुतळी, सुतळी नळाला. साहेब ओरडले. टर्की त्यांच्याहून मोठ्यानं ओरडली. बाहेर आले ते पांढरेफटक. म्हणाले, ‘शाल्वा, तुझ्या या पाहुण्याची गोष्ट छापून टाकतो रे बाबा, नाहीतर पुढच्या खेपेला हा रेडा घेऊन येईल!’”

हास्याचा स्फोट झाला. मार्गो तर रुमालाने डोळे पुसायला लागली. तिच्या नवऱ्याची, लेखक ओनिसे लोरियाची गोष्ट होती ती. लोरियाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याच्या वाढदिवसाला मार्गो अजूनही टेबल मांडायची, त्याचे जुने मित्र बोलवायची. आणि दर वर्षी तमादा, म्हणजे मेजवानीचा सूत्रधार, शाल्वाच असायचा. प्रत्येक पेल्याआधी बोलायचा मान त्याचा, आणि तो बोलायला लागला की तिबिलिसीतले भलेभले खुर्ची पुढे ओढून बसत.

टेबलाच्या टोकाला मात्र दोघंजण हसली नाहीत. लमाराने टेबलाखालून नवऱ्याचा गुडघा दाबला.

“जुंबेर,” ती पुटपुटली, “आपल्या टबात होती ना ती?”

“गप्प बस.”

“आठवडाभर घाण उपसली मी तिची. आणि हा म्हणतो—”

“गप्प बस म्हटलं ना.”

जुंबेरला सगळं लख्ख आठवत होतं. शहराच्या साबुरतालो भागातलं त्यांचं दोन खोल्यांचं घर, नवीन वर्षाच्या आधीची थंडी, आणि दारात उभा असलेला गुरिया प्रांतातल्या खेड्यातला एक लाजाळू मास्तर, ओनिसे लोरिया. कोटाच्या आत टर्की, बगलेत गोष्टींचं बाड. लोरियाची पहिली गोष्ट एका जिल्ह्याच्या मासिकात जुंबेरनेच वाचली होती. दोन भाऊ बापाच्या मागे मक्याची कणगी वाटून घेतात, शेवटची एक टोपली उरते, ती दोघांपैकी कोणीच उचलत नाही आणि उंदीर ती खाऊन टाकतात. एवढीच गोष्ट. जुंबेर ती वाचून त्या दिवशी ऑफिसातून चालत घरी आला होता, बस घ्यायचं भानच राहिलं नव्हतं. लोरियावर पहिला लेख त्याने लिहिला. लोरियाला राजधानीत त्याने बोलावलं. लोरिया यायचा तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात घडीच्या खाटेवर झोपायचा, सकाळी लमाराच्या हातचा राजम्याचा घट्ट लोबिओ मक्याच्या भाकरीशी खायचा आणि म्हणायचा, “वहिनी, माझ्या आईपेक्षा बरा करता. तिला सांगू नका.”

मग लोरिया मोठा झाला. मोठ्या माणसांना घरंही मोठी लागतात. शाल्वाचं घर वाके या श्रीमंत वस्तीत होतं, उंच छताचं. शाल्वा विद्यापीठात, शाल्वा दूरदर्शनवर. लोरिया शाल्वाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला तिचा धर्मपिता झाला. जुंबेरला मूलच नव्हतं, त्यामुळे त्याच्याकडे कोणाला द्यायला ते नातंही नव्हतं. तो जन्मभर एका मासिकात सहसंपादक राहिला. दुसऱ्यांचे लेख तपासायचे, मधूनच स्वतःचा एखादा छापायचा. शेवटच्या आजारपणात लोरियाने दवाखान्यात शाल्वाला बोलावून घेतलं होतं. जुंबेरला निरोप आला तो अंत्ययात्रेचा.

“मित्रांनो,” मार्गो उठून उभी राहिली. “एक बातमी सांगायची होती. ओनिसेचं समग्र साहित्य निघतंय. सगळे खंड. प्रकाशक स्वतःहून आला.” ती जराशी अडखळली, टेबलाच्या टोकाकडे न बघता म्हणाली, “संपादन शाल्वा करेल. प्रस्तावनाही तोच लिहील.”

सगळ्यात आधी पेला उचलला तो जुंबेरने. “शाल्वाच्या हाताला यश येवो!” तो इतक्या मोठ्याने म्हणाला की शेजारचा दचकला. आणि एका दमात पेला रिकामा केला.

परत येताना टॅक्सीत लमारा म्हणाली, “तोंडावर सांगायचं होतंस, की टर्की माझी होती.”

“टर्कीचं काय घेऊन बसलीस!”

“मग कसला जळफळाट चाललाय?”

“जळतंय कोण?” जुंबेर म्हणाला.

*

लोरियाचे वाचक दोन तटांत वाटले गेले होते, आणि त्या दोन तटांचे म्होरके होते जुंबेर आणि शाल्वा. जुंबेरच्या मते खरा लोरिया सुरुवातीच्या गोष्टींत होता. शाल्वाच्या मते तो ‘रिओनीपार’ या शेवटच्या मोठ्या कादंबरीत होता. कादंबरीत नदीवर धरण होतं, एक अख्खं गाव पाण्याखाली जातं. शेवटच्या पानावर उद्‌घाटनाचा समारंभ आहे. मंडपात पुढारी, बँड, लाल फिती. आणि ज्याचं घर, ज्याच्या आईबापांच्या कबरी त्या पाण्याखाली गेल्यात तो म्हातारा नायक सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवतो. तिथे कादंबरी संपते.

शाल्वा म्हणायचा, त्या टाळ्या म्हणजे रडणं आहे. त्या दडपशाहीच्या काळात माणसाला दुसरं कुठलं रडणं परवडत नव्हतं. जुंबेर म्हणायचा, टाळ्या म्हणजे टाळ्या. पुस्तक छापून यावं, बक्षीस मिळावं, म्हणून लोरियाने त्या वाजवल्या. पण हे तो बोलायचा, लिहायचा नाही. एक तर लोरिया त्याचा माणूस होता. दुसरं म्हणजे कधीकधी एकटाच ते पान वाचताना त्याला स्वतःलाच त्या टाळ्यांत रडणं ऐकू यायचं, आणि त्याचं काय करायचं हे त्याला कळायचं नाही.

मार्गोच्या घरून आल्यावर दुसऱ्या सकाळी तो स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहायला बसला. लेखाला नाव दिलं, ‘टाळ्या’. त्याची लेखणी एरवी जपून चालणारी. एका वाक्यात तीनदा ‘कदाचित’ घालणारा माणूस तो. पण या खेपेला हात थांबेना. मनात शाल्वाचा अधांतरी पेला होता, हसणारी मार्गो होती, आणि वाक्यं आपोआप धारदार होऊन येत होती. लोरियाने कशी एकेक तडजोड केली, कुठे पान बदललं, कुठे पात्राच्या तोंडी सरकारला हव्या त्या गोष्टी घातल्या, ते सगळं त्याने मांडलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं. लोरियाला त्याच्याइतकं आतून कोण ओळखत होतं!

लमाराने लोबिओ ढवळता ढवळता लेख वाचला. चष्मा काढला.

“चांगलं लिहिलंयस. इतकं चांगलं कधीच लिहिलं नव्हतंस.”

“मग?”

“मग काय? मारायचंय शाल्वाला आणि सुरी घातलीस ओनिसेला.”

“साहित्यात मैत्री आणायची नसते, लमारा.”

“आणि मत्सर आणलेला चालतो वाटतं.”

त्याने तिच्या हातातून कागद काढून घेतले. लोबिओ त्या दिवशी बुडाला लागला.

*

नवं सरकार आलं होतं. जुनं म्हणून जे जे होतं ते झाडून टाकायचा हंगाम चालू होता. पुतळे उतरत होते, रस्त्यांची नावं बदलत होती. अशा वेळी ‘टाळ्या’ छापून आला आणि वाळलेल्या गवतावर काडी पडावी तसं झालं. कॉलेजची पोरं त्यातली वाक्यं एकमेकांना वाचून दाखवू लागली. जन्मात पहिल्यांदा जुंबेरला टीव्हीवर बोलावणं आलं. भाजीवालीने त्याला ओळखलं. “तुम्हीच ना ते, त्या भाटाला उघडं पाडणारे?” ती म्हणाली आणि कोथिंबिरीची जुडी वर घातली. भाट हा शब्द जुंबेरने कुठेच वापरला नव्हता. पण कोथिंबीर त्याने घेतली.

मग एका सभागृहात जाहीर वाद ठेवला गेला. एकीकडे शाल्वा, दुसरीकडे जुंबेर. हॉल भरून लोक जिन्यात उभे होते. शाल्वा नेहमीसारखा उठला, नेहमीसारखा थांबला, पण या खेपेला त्या थांबण्याला कोणी पुढे सरसावलं नाही.

“तुम्ही त्या काळात जगला नाहीत,” तो मुलांना म्हणाला. “माणूस तेव्हा हाताने एक करायचा आणि मनात—”

“म्हणजे तुम्हीपण टाळ्याच वाजवत होतात ना, सर?” मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

शाल्वा कागद चाळायला लागला. इतक्या वर्षांत जुंबेरने त्याला कागद चाळताना पाहिलं नव्हतं.  आणि ते पाहणं त्याला आवडलं. तो उठला आणि शांतपणे, एकेक वाक्य मोजून, शाल्वाचं उरलंसुरलं उत्तरही मोडून काढलं. लोक उभे राहिले.

बाहेर ओसरीत एक मुलगी त्याच्याकडे धावत आली. गाल थंडीने लाल झालेले.

“सर, सही! तुमचा लेख मी चारदा वाचला.”

“आणि लोरिया? लोरियाचं काय वाचलंस?”

“काहीच नाही,” ती मोकळेपणाने म्हणाली. “अभ्यासक्रमात होता, वाचणार होते. आता तुमच्यामुळे सुटले. थँक्यू सर!”

जुंबेरने सही केली. नावातलं एक अक्षर चुकलं.

“त्या मक्याच्या कणगीची गोष्ट तेवढी वाच,” तो म्हणाला, “ती अगदी वेगळी आहे. तिच्यात—”

पण ती मैत्रिणींकडे वळली होती.

*

पुढच्या वर्षी शाळेच्या पुस्तकातून लोरियाचा धडा गेला. तो कादंबरीतला नव्हता, कणगीचीच गोष्ट होती. वाळूबरोबर धान्यही चाळणीबाहेर पडलं. त्यानंतर मार्गो एकदा जिने चढून त्यांच्या घरी आली. खुर्चीवर बसून दम खात होती. जुंबेरला वाटलं, आता ही आपल्याला शिव्या घालणार, आणि शिव्या ऐकायची त्याने तयारीही केली होती.

“प्रकाशकाने नाही म्हणून सांगितलं,” ती म्हणाली. “समग्र वगैरे काही निघत नाही आता.”

लमाराने तिच्यापुढे चहा ठेवला.

“मार्गो, मी लिहिलं ते—” जुंबेरने सुरुवात केली.

“असू दे रे. तुला वाटलं ते लिहिलंस. ओनिसे म्हणायचा, जुंबेर खोटं लिहीत नाही.” तिने चहात जॅम घालून ढवळलं. “एवढंच विचारायला आले, त्या पहिल्या गोष्टी तुला आवडायच्या ना? अजून आवडतात?”

“हो.”

“मग तेवढ्या तरी काढ कुठे. माझं काही खरं नाही आता.”

जुंबेर तीन-चार प्रकाशकांकडे जाऊन आला. सगळ्यांनी त्याला मानाने बसवलं, कॉफी दिली. “तुमचं काही असेल तर आणा ना साहेब,” ते म्हणाले. “लोरिया कशाला? तुम्हीच तर निकाल लावलात त्याचा.”

शेवटी एका दुपारी तो वाकेला गेला. शाल्वाने दार उघडलं तेव्हा जुंबेरला त्याला ओळखायला एक क्षण लागला. शाल्वा निम्मा झाला होता. कोट खांद्यावरून ओघळत होता.

“ये,” शाल्वा म्हणाला. “विजय साजरा करायला आलास होय? वाइन नाही घरात. डॉक्टरने बंद केलीय.”

“काय झालंय तुला?”

“पोटात काहीतरी आहे. ते राहू दे. काम बोल.”

जुंबेरने काम सांगितलं. छोटं पुस्तक. सुरुवातीच्या गोष्टी मी निवडतो. आणि ‘रिओनीपार’चं शेवटचं प्रकरण तू घाल. दोघांच्या प्रस्तावना. तुझी तुझ्या मताची, माझी माझ्या. पैसे आपणच काढू.

शाल्वाने कपाटातून ‘रिओनीपार’ काढून समोर ठेवली.

“खरं सांगू? त्या सभेनंतर ते पान मी पुन्हा वाचलं. वाटलं, तुझंच बरोबर असेल. टाळ्या म्हणजे टाळ्याच असतील.”

जुंबेर ताडकन उठला. “असं कसं? जन्मभर बोंबलत होतास की रडणं आहे म्हणून!”

“अरे, तूच तर—”

“मी काय वाटेल ते म्हणेन! तू तुझं सोडायचं नाहीस. ‘त्याने हात हळू आपटले, जणू कणीक झटकतोय,’ हे वाक्य का लिहिलं मग त्याने? खुशामत करणारा माणूस असं लिहितो? सांग ना!”

 मग किती महिन्यांनी कोण जाणे, शाल्वाच्या चेहऱ्यावर जुनं तमादाचं हसू आलं.

“ही कणीक तू लेखात नाही घातलीस, चोरा.”

“नाही घातली,” जुंबेर म्हणाला आणि खाली बसला.

मग ते भांडले. अंधारून येईपर्यंत, एकेका ओळीवरून, दोघंही लाल होऊन. शाल्वाची मुलगी दोनदा डोकावून गेली, बापाचा आवाज चढलेला ऐकून घाबरली, आणि तो हसतोय हे बघून परत गेली. मध्येच जुंबेर म्हणाला, “आणि ती टर्की माझ्या टबात होती.”

“तुझ्या?” शाल्वा खरोखर गोंधळला. “नाही रे. मला नळसुद्धा आठवतो.”

“तुझ्या घरी तेव्हा टबच नव्हता!”

शाल्वाने डोळे मिटून विचार केला. “खरंच की,” तो हळूच म्हणाला. “इतक्यांदा सांगितली ती ओनिसेने. तुझं लग्नाचं जेवण, लमाराचा लोबिओ, तुमची ती घडीची खाट, सगळं तो माझ्याकडे येऊन सांगत बसायचा. मला वीट यायचा. दवाखान्यात मला बोलावलं त्याने, ठाऊक आहे ना? शेवटचं लिखाण वाचून दाखवायचो मी. तर प्रत्येक पानाला विचारायचा, ‘जुंबेरला हे आवडलं असतं का रे?’ मी बसलोय समोर, आणि हा जुंबेर! मी म्हटलं, बोलावतो त्याला. तर नको म्हणाला. म्हणाला, ‘त्याला अर्धवट दाखवायचं नाही.’”

जुंबेरला पहिल्यांदा झाला तो निव्वळ आनंद, लहान पोराला होतो तसा, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं आपलंच होतं हे कळल्यावर. जिना उतरून रस्त्यावर आल्यावर मात्र त्याला लेखातली आपली वाक्यं आठवायला लागली. चांगली वाक्यं होती ती. एकेक करून सगळी पाठ होती.

*

पुस्तक निघालं, पातळसं. त्याची बातमी कुठे आली नाही. शाल्वा ते हातात घेऊ शकला, त्यातली एक छापील चूक शोधून त्याने जुंबेरला फोनवर झापलंही. हिवाळा सरता सरता तो गेला.

वसंतात लोरियाच्या गावी, गुरियातल्या शाळेत पुस्तकाचा छोटासा कार्यक्रम झाला. बाकांवर म्हातारी माणसं, मार्गो पुढच्या खुर्चीत, दोन-चार शिक्षक. मुख्याध्यापिकेने जुंबेरला बोलायला उठवलं. लमाराला वाटलं, हा आता आपली प्रस्तावना वाचेल. रात्रभर कुशीवर वळत तीच पुटपुटत होता.

जुंबेरने चष्मा लावला आणि शाल्वाची प्रस्तावना उघडली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. मधे खोकला नाही, कुठे भुवई वर गेली नाही. जिथे शाल्वा थांबला असता तिथे तो थांबला. ज्या वाक्यांवर त्याने अर्धं आयुष्य वाद घातला होता ती वाक्यं त्याने पूर्ण आवाजात, नीट, शेवटच्या बाकापर्यंत पोचतील अशी म्हटली. मग पुस्तक मिटून जागेवर येऊन बसला.

“आणि तुझी?” लमाराने विचारलं.

“पुस्तकात आहे. ज्याला वाचायची तो वाचेल.”

नंतर शाळेच्या अंगणात टेबलं लागली. चीज भरलेल्या गरम भाकऱ्या आल्या, आंबट आलुबुखाराची चटणी आली. गावचा तमादा कोणी पोक्त शेतकरी होता, त्याने लोरियाच्या नावाचा पेला उचलला. रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी गेलेल्यासाठी भाकरीच्या तुकड्यावर वाइनचे थेंब सांडले. जुंबेरनेही सांडले. मग सगळे प्यायले, बोलायला लागले, आणि त्या गलक्यात जुंबेरने आणखी एक तुकडा मोडला, पहिल्याशेजारी ठेवला आणि त्याच्यावरही पेला जरासा कलता केला. हा शाल्वाचा.

थोड्या वेळाने एक बाई ताटं उचलायला आली. दोन ओले, लाल तुकडे सोडले तर त्याच्या ताटात काही उरलं नव्हतं. तिने हात पुढे केला तसा जुंबेरने ताटावर तळवा आडवा धरला.

“राहू दे, बाई,” तो म्हणाला. “अजून झालं नाही.”